टोचल्यानंतरचा हिशेब : नांदेड-लातूर परिसर आणि लसींच्या दूरच्या परिणामांची शंका

‘मुलाला देवी आल्या’ असे म्हटले की रोग समजायचा आणि ‘मुलाच्या देवी काढल्या’ असे म्हटले की लस टोचल्याचे समजायचे, अशी जुन्या मराठीची रीत होती, म्हणजे रोग, रोगाची अधिष्ठात्री आणि रोगावरचा उपाय या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदत होत्या. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलुगू कानावर पडणाऱ्या पट्ट्यात तोच रोग ‘अम्मवारु’ होता, तर निजामी राज्याच्या उर्दू व्यवहारात तो ‘चेचक’ होता आणि लस टोचण्याला ‘टीका’ असा शब्द होता. हा शेवटचा शब्द मराठी कानाला अगदी वेगळा अर्थ सांगतो, आणि पुढच्या दोन शतकांचा इतिहास पाहता तो योगायोग अगदीच वाया गेला असे म्हणता येत नाही.

नव्याने आलेल्या प्रत्येक लसीबरोबर या परिसरात एक प्रश्न आला आहे, तो म्हणजे ‘आज ताप येईल आणि जाईल, पण पुढे काही होणार नाही ना?’ वैद्यकाच्या परिभाषेत या प्रश्नाचे दोन भाग पडतात. टोचल्यावर काही तासांत किंवा दिवसांत दिसणारा ताप, सूज, फोड असा तात्कालिक परिणाम हा पहिला, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी उद्भवेल अशी भीती असलेला दीर्घकालीन परिणाम हा दुसरा. पहिल्याविषयी फारसा वाद झाला नाही, कारण तो सर्वांना डोळ्यांनी दिसत होता. वाद झाला तो दुसऱ्याविषयी. या वादाला अडाणीपणा म्हणून मोडीत काढण्याची सवय सरकारी अहवालांना आणि पुष्कळशा शिक्षितांनाही लागलेली आहे. कागद नीट वाचले तर मात्र असे दिसते की, ज्या घटनांना ‘उशिरा झालेला परिणाम’ समजले गेले त्यांतील बहुतेक प्रत्यक्षात लवकर झालेल्या, पण लोकांना उशिरा कळवल्या गेलेल्या घटना होत्या.

भारतातील पहिले यशस्वी लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला झाले, आणि व्हिएन्नाहून बगदाद, बसरा या मार्गाने आलेली ती लस मुंबईतून ज्या ठिकाणी पाठवली गेली त्यांत पुणे, सुरत व मद्रास यांच्याबरोबर हैदराबादचेही नाव होते. ती टिकवण्याची रीत समजून घेतल्याशिवाय पुढची भीती समजत नाही. बर्फाची सोय नव्हती आणि कुपीतली लस उन्हाने निकामी होई, म्हणून टोचलेल्या मुलाच्या दंडावर आठवड्याभराने जो फोड येई त्यातला द्रव काढून तो दुसऱ्या मुलाच्या दंडावर लावला जाई, दुसऱ्याचा तिसऱ्याला, आणि अशा रीतीने लस मुलांच्या साखळीतूनच गावोगाव प्रवास करी. ज्या मुलाचा द्रव घ्यायचा ते कोणाचे, कोणत्या जातीचे, त्याच्या घरी कोणता रोग आहे, हे प्रश्न आईबापांना पडत; त्यांतला जातीचा प्रश्न विटाळाच्या कल्पनेतून आलेला होता, परंतु रोगाचा प्रश्न पूर्णपणे रास्त होता. इटलीत रिव्हाल्टा येथे १८६१ मध्ये एका मुलाच्या द्रवातून चाळीसहून अधिक मुलांना उपदंशाची, म्हणजे बोलीतल्या गरमीची, लागण झाली होती, आणि १८७१ मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी अशी लागण होते हे वैद्यकीय मंडळींपुढे मांडल्यावर तेथील तज्ज्ञांनाही ते मान्य करावे लागले. म्हणजे दंडातून दंडात काय जाईल याचा भरवसा नाही, असे म्हणणारी आई त्या काळच्या पुष्कळ सर्जनांपेक्षा अधिक बरोबर होती.

उपदंशापेक्षा मोठी भीती महारोगाची, म्हणजे कुष्ठरोगाची होती, कारण तो वर्षानुवर्षे अंगात दबा धरून बसतो आणि लस टोचल्याला दहा वर्षे लोटल्यावर डाग उठला तरी दोष कोणाला द्यायचा हे सांगता येत नाही. १८८० नंतरच्या दशकात हा वाद इंग्लंड आणि हिंदुस्थान दोन्हीकडे चालला, आणि १८९०-९१ मध्ये देशभर फिरलेल्या कुष्ठरोग आयोगापुढेही हा प्रश्न होता. लसीकरणामुळे कुष्ठरोग पसरतो असे मानण्याजोगा पुरावा काही पुढे आला नाही. निजामाच्या मुलखात हा रोग चांगलाच रुजलेला होता, हे नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्ली येथे १९१५ मध्ये मिशनने काढलेल्या कुष्ठरुग्णालयावरूनही कळते, त्यामुळे या भागातल्या माणसाला ही भीती पुस्तकातून शिकावी लागत नव्हती.

वासराच्या अंगावर वाढवलेली लस आल्यावर माणसाकडून माणसाकडे रोग जाण्याचा धोका संपला. हैदराबादेत १८७६ मध्ये लसीचा डेपो स्थापन झाला, तोच पुढे नारायणगुड्यातील प्रतिबंधक वैद्यक संस्था झाला, आणि मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला बेळगावातही अशीच संस्था उभी राहिली, जिच्या आवाराला तिथले लोक आजही ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणूनच ओळखतात. एक शंका मिटली आणि दुसरी उभी राहिली, कारण आता गोवंशाच्या अंगातला पू माणसाच्या रक्तात जातो असा आक्षेप आला, आणि तो केवळ खेड्यापाड्यांतून आला नाही. गांधीजींनी १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत लसीकरणाला कडाडून विरोध केला होता.

येथे नांदेड-लातूरची स्थिती मुंबई इलाख्याहून कशी वेगळी होती ते पाहिले पाहिजे. मुंबई इलाख्याचा लसीकरण कायदा १८७७ चा आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा १८८० चा. हे कायदे जिथे लागू केले गेले तिथे मुलाला न टोचणाऱ्या पालकाला दंड होत असे, परंतु त्यांचा अंमल निजामाच्या मुलखात नव्हता. सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडून उस्मानाबाद जिल्ह्यात पाऊल टाकले, आणि लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते, की कायदा, भाषा, नाणे आणि फसली सनाची तारीख हे सगळेच बदलत असे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली, त्यामुळे लस टोचल्यावर काय झाले, किती मुले दगावली, किती वाचली, याचा जो काही हिशेब अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीतून वर गेला तो ज्या आईबापांच्या मुलांचा होता त्यांना वाचता येण्यासारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्यातील मराठी वृत्तपत्रांतून लसीवर उलटसुलट लिहिले जाऊ शकत होते. इथे तसा छापील वाद उभा राहायला मराठी शाळा, मराठी छापखाने आणि सभाबंदीतून मोकळीक, या तिन्हींची वानवा होती. वाद झाला तो पारावर, बाजाराच्या दिवशी आणि माळेगावच्या खंडोबासारख्या यात्रांत, आणि म्हणून तो कागदावर फारसा उतरला नाही.

प्लेगच्या लसीने या भीतीला एक नवा तपशील दिला. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ही लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली व त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी केली. मारलेल्या जंतूंची ही लस घेतल्यावर सडकून ताप भरे, दोन-तीन दिवस हात उचलत नसे, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला तेवढी मजुरी बुडणे हाच पहिला दुष्परिणाम होता, ज्याची नोंद वैद्यकीय अहवालांत क्वचितच सापडते. त्याच सुमारास पंजाबात ज्या अफवा नोंदल्या गेल्या त्यांत सुई गजभर लांब असल्याची एक होती, टोचलेला माणूस सहा महिने जगतो आणि मग कोसळतो अशी दुसरी, आणि पुरुषाचे पौरुष जाते व बाई वांझ होते अशी तिसरी. यांतील गजभर सुई मागे पडली, पण सहा महिन्यांची मुदत आणि वांझपणा हे दोन धागे पुढे शंभर वर्षे तुटले नाहीत.

मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मृत्यू पावलेल्या सर्वांची लस ‘५३-एन’ या एकाच बाटलीतली होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले, आणि बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात उघडताना, हा वाद पाच वर्षे चालून १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृतींच्या जाहीर पाठिंब्यानंतर त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. मृत्यू आठवड्या-दीड आठवड्यात झाले होते, निवाडा लागायला पाच वर्षे लागली, आणि त्या पाच वर्षांत बातमी रेल्वेने फिरली. हैदराबाद-मनमाड मार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून सुरू झाला होता आणि बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. कापूस, प्लेगचे उंदीर, लसीच्या पेट्या आणि लसीच्या बातम्या या सगळ्यांचा रस्ता एकच होता.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्य भारतात आले, आणि स्वतंत्र भारताची पहिली मोठी लसमोहीम ज्या लसीची होती ती बी.सी.जी., म्हणजे क्षयरोगाविरुद्धची जिवंत पण दुर्बळ केलेल्या जंतूंची लस, त्याच वर्षी देशात आली. मद्रासजवळ गिंडी येथे तिची प्रयोगशाळा निघाली, १९५१ पासून ती देशभर देण्याची मोहीम सुरू झाली, आणि १९५५ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ‘बी.सी.जी.ला माझा विरोध का’ अशा आशयाची पुस्तिका काढून सरकारच्या धोरणालाच आव्हान दिले. त्यांच्याआधी मद्रासचे निवृत्त अभियंता ए. व्ही. रामन यांनी हा विरोध सुरू केला होता. राजाजींचे म्हणणे थोडक्यात असे होते की, निरोगी मुलांच्या अंगात जिवंत जंतू घालण्याचे दूरचे परिणाम माहीत नसताना कोट्यवधींवर एकाच वेळी हा प्रयोग करणे योग्य नाही. सरकारने त्याला परदेशी तज्ज्ञांची मते आणि टोचलेल्यांचे आकडे यांनी उत्तर दिले; मात्र राजाजींच्या प्रश्नाला खरे उत्तर ठरेल अशी चाचणी, म्हणजे काहींना लस व काहींना नुसते पाणी देऊन दोन्ही गटांवर वर्षानुवर्षे नजर ठेवणे, ती १९६८ मध्ये चिंगलपेट जिल्ह्यात सुरू झाली आणि तिचा निष्कर्ष १९७९-८० मध्ये छापला गेला. त्या निष्कर्षाने कोणाचीच बाजू पूर्ण जिंकू दिली नाही. लसीने मोठे नुकसान होते ही राजाजींची भीती खरी ठरली नाही, पण प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती वाचवते हा सरकारचा दावाही खरा ठरला नाही; लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या उग्र प्रकारांपासून मिळणाऱ्या संरक्षणासाठी ती आजही जन्मतःच दिली जाते. आधी मोहीम आणि सतरा वर्षांनी चाचणी, हा क्रम उलटा होता, एवढे म्हणण्याचा अधिकार राजाजींच्या बाजूला निश्चित पोहोचतो.

देवीचे निर्मूलन हा या कथेचा उजळ भाग आहे. १९६२ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, दातेरी चकतीची फिरवून टोचण्याची सुई, जिच्या मोठ्या जखमांना मुले आणि बाया भीत, ती जाऊन दुभंगलेल्या टोकाची सुई आली, आणि मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. ज्या पिढीच्या दंडावर तो गोल व्रण आहे ती नांदेड-लातुरात अजून हयात आहे.

मात्र पुढच्याच महिन्यात आणीबाणी सुरू झाली, आणि या परिसरातल्या लसींच्या इतिहासाला तिने दिलेले वळण देवीच्या विजयापेक्षा खोल गेले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेव्हा नांदेडचे शंकरराव चव्हाण होते, आणि त्यांच्या सरकारने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक विधिमंडळात संमत करून घेतले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही, परंतु नसबंदीचे उद्दिष्ट गाठण्याची धावपळ कायद्याची वाट पाहत नव्हती. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशीनुसार देवी, हिवताप, कुटुंबनियोजन अशी वेगवेगळी माणसे जाऊन सर्व कामे करणारे बहुउद्देशीय कर्मचारी आले होते. प्रशासनाच्या सोयीचा हा निर्णय विश्वासाच्या दृष्टीने महागात पडला, कारण १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ट्रिपल, धनुर्वात आणि गोवराची सुई घेऊन दारात उभी राहणारी सरकारी यंत्रणा तीच होती, जी काही वर्षांपूर्वी नसबंदीसाठी माणसे गोळा करत होती. गरोदर बाईला धनुर्वाताची लस देताना ‘पुढे मूल होणार नाही’ ही शंका घेतली गेली, तेव्हा तिच्यामागे लसीच्या रसायनाविषयीचे अज्ञान कमी आणि सुई धरणाऱ्या हाताची आठवण जास्त होती. वांझपणाचा जुना धागा इथे नव्याने पिळला गेला, आणि पुढे पोलिओच्या थेंबांनाही तोच चिकटला.

पोलिओच्या बाबतीत खरा दुष्परिणाम वेगळाच होता. तोंडावाटे द्यायच्या लसीत जिवंत विषाणू असतो, आणि लाखो मात्रांमागे एखाद्या मुलाला त्या लसीतल्याच विषाणूमुळे लुळेपणा येऊ शकतो. ही गोष्ट वैद्यकाला १९६० च्या दशकापासून माहीत होती, पण १९९५ पासून दरवर्षी पल्स पोलिओचे रविवार पाळणाऱ्या गावांत ती कोणी सांगितल्याचे फारसे आढळत नाही; सांगितली तर लोक बिथरतील असा हिशेब असावा. लोक बिथरले ते न सांगितलेल्या गोष्टीने नाही, स्वतः कल्पिलेल्या गोष्टीने. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची शाळाशाळांतून मोहीम झाली, तेव्हाही राज्यात काही ठिकाणी, विशेषतः उर्दू शाळांत, पालकांनी मुलांना त्या दिवशी घरी ठेवले.

दूरच्या परिणामांविषयी शास्त्र काय सांगू शकते आणि काय नाही, याचे गणित सोपे आहे. दहा हजार माणसांच्या चाचणीत एखादा परिणाम एकदाही दिसला नाही, तर त्याचा अर्थ तो होतच नाही असा नसून तो दहा हजारांत तिघांपेक्षा अधिक जणांना होत नसावा, इतकाच निघतो. लाखात एकाला होणारा परिणाम निदान एकदा तरी दिसेल अशी खात्री वाटायला तीन लाख माणसे टोचावी लागतात. म्हणून विरळ परिणाम नेहमी मोहीम सुरू झाल्यावरच कळतात. मात्र विरळ म्हणजे उशिराचा नव्हे. लसीचे घटक शरीरात फार काळ राहत नाहीत आणि त्यांना शरीराचा प्रतिसाद काही आठवड्यांत उमटतो, त्यामुळे आजवर सिद्ध झालेले बहुतेक गंभीर परिणाम सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेले आहेत. अपवाद आहेत, आणि ते दडवण्यात अर्थ नाही. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना दिलेल्या डेंग्यूच्या लसीने, ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता अशांचा धोका वाढतो, हे २०१७ च्या अखेरीस जाहीर करावे लागले, कारण त्या मुलांना पुढे खरा डेंग्यू झाला तर तो अधिक तीव्र होत होता. तेथेही लस अंगात दबून बसली होती असे नाही. पुढच्या संसर्गाने तिचा परिणाम उघड केला.

कोविडच्या लसीत हा सगळा इतिहास दोन-तीन वर्षांत पुन्हा घडला. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पंतप्रधानांनी ज्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली त्यांत महाराष्ट्रातील औरंगाबाद, नंदुरबार, बुलढाणा, हिंगोली, अकोला यांच्यासह नांदेडचा समावेश होता, कारण तेथे पहिली मात्रा घेतलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. त्याच महिन्यात औरंगाबादच्या जिल्हा प्रशासनाने लस न घेतलेल्यांना रेशन, गॅस आणि पेट्रोल न देण्याचा आदेश काढला. टोचून घेणाऱ्यांची संख्या अशाने वाढते, शंका मात्र मिटत नाही. मराठवाड्याला सक्तीचा अनुभव नवा नव्हता आणि प्रशासनाला त्याची आठवण नव्हती. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले, आणि लशीनंतरच्या विपरीत घटना सामान्य माणसाला व खासगी डॉक्टरला नोंदवता याव्यात अशी सोय करण्यास केंद्राला बजावले.

यानंतर २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविशील्डची जननी असलेल्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने लंडनच्या न्यायालयात आपल्या लशीमुळे अतिविरळ प्रसंगी रक्ताच्या गाठी व रक्तबिंबिकांची घट असा विकार होऊ शकतो हे मान्य केल्याची बातमी आली, आणि तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली माणसे घाबरली. वास्तविक हा विकार लस घेतल्यावर चार ते बेचाळीस दिवसांत होतो, लाखामागे साधारण एक-दोघांना होतो, आणि युरोपच्या औषध नियामकांनी तो एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता. नांदेड-लातुरात लस सुरू असतानाच ही माहिती जगात उपलब्ध होती. ती मराठीत, टोचण्याच्या टेबलावर, सुईच्या आधी सांगितली गेली असती तर तीन वर्षांनंतरची ती भीती उद्भवण्याचे कारण नव्हते.

या परिसरातल्या लसीकरणाचा निजामी काळातला कागद हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात उर्दू-फारसीत आहे, १९५६ नंतरचा मुंबईच्या बाजूला आहे, आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर त्याचे आधीचे दप्तर उस्मानाबादेच्या नावावर राहिले. गावपातळीवरच्या जुन्या लसीकरण नोंदवह्या, ज्यांत मुलाचे नाव, तारीख आणि शेरा एका ओळीत लिहिलेला असे, त्यांतील ज्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कपाटांत उरल्या असतील त्या रद्दीत जाऊ न देता नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी ताब्यात घेऊन जपाव्यात, आणि उर्दू वाचू शकणाऱ्या अभ्यासकांनी तारनाक्याचा रस्ता धरावा.